पाटीवरचा चौकोनी कंस

नाना, तुमची पाटी उतरवली.

दत्ताच्या देवळाच्या ओट्यावरची, ती पत्र्याची. मी सकाळी आरतीला गेले तर शिडी लावलेली होती आणि दादानं बोलावलेला माणूस एकेक खिळा उपटत होता. खाली हारवाली मालनबाई टोपलीवर पदर ताणून बसलेली, कारण गंजाचा भुगा तिच्या शेवंतीवर पडत होता. मला बघून तिच्या माळवीत म्हणाली, "बाईजी, आज तो भगवान के जंग को हार पेनानो पड़ेगो." देवाच्या गंजाला हार! मी हसले. पाटी बदलायची हे ठरलेलंच होतं. पत्रा खालून इतका खाल्लेला होता की तुमचं नाव गेलं होतं, फक्त आडनावाची वेलांटी उरली होती. एका भक्तानं संगमरवरी दगड देऊ केला आणि दादा म्हणाला, तेच वाक्य त्यावर कोरून घेऊ. मला आनंदच झाला होता. देवापुढे दोन्ही हात जोडून तसं सांगूनही टाकलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की पुढच्या गुरुवारी त्याच ओट्यावर, त्याच दादाच्या शेजारी उभं राहून मला तेच वाक्य पुरं वाचता येणार नाही.

हे पत्र मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेय. कोरा कागद वापरायला हात धजत नाही, ती सवय तुमचीच.

ती पाटी कशी लागली ते तुम्हाला सांगायला नको. पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे, म्हणून लिहिते. ओटा नुकताच बांधून झालाय. चुन्याचा वास येतोय. मी तेव्हा लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलेली, हळदीकुंकवाच्या साडीत एका बाजूला उभी आहे, दादा तुमच्या मागे. विश्वस्तांपैकी एकजण या मालनबाईच्या सासूला म्हणतात, "चलो माई, उठो. अब यहाँ साफ-सफाई रहेगी." ती बिचारी काही न बोलता सुतळी गोळा करते, उरलेले हार टोपलीत टाकते. तुम्ही कार्यवाह, म्हणून बोलायला तुम्हाला उभं करतात. तुमच्या हातात लिहून आणलेला कागद आहे. तुम्ही त्या बाईकडे बघता, कागदाची घडी करून खिशात घालता आणि म्हणता, "या ओट्यावर जो बसेल त्याला कोणी ऊठ म्हणू नये." मग तिच्याकडे वळून, "बैठो माई." आणि स्वतःही खाली बसता. झालं भाषण. टाळ्या वाजवायच्या की नाही हेच कोणाला कळत नाही. देवळाचं दार रंगवायला आलेला पेंटर तेवढा मोठ्यानं हसतो, आणि पुढच्या आठवड्यात तोच उरलेल्या निळ्या रंगात ते वाक्य पत्र्यावर लिहून आणतो.

त्या माईनंतर तिची सून तिथं बसायला लागली. फुलं विकते, आत जाणाऱ्यांच्या चपलांवर लक्ष ठेवते, त्याचं कोणाकडून काही घेत नाही. तिचं सगळं घर त्या टोपलीवर चालतं. एवढं सांगितलं की पुढचं कळेल.

देवळाचा हिशेब माझ्याकडे असतो. मॅट्रिकवालीला तेवढं येतं आणि सेवाही होते. त्यामुळे दगडवाल्याचं बिल माझ्याकडे आलं, आणि त्याला टाचलेला कोरायच्या मजकुराचा कागदही. दादाचं अक्षर, तुमच्यासारखंच उभट. मी तांदूळ निवडता निवडता वाचलं. "या ओट्यावर दर्शनासाठी जो बसेल त्याला कोणी ऊठ म्हणू नये." खाली तुमचं नाव. ताट बाजूला सारून पुन्हा वाचलं. नाना, एकच शब्द. पण ज्या बाईसाठी तुम्ही ते वाक्य बोललात, तिच्याच सुनेला त्या वाक्यानं उठवलं होतं. ती काही दर्शनासाठी बसत नाही. ओटा मोकळा करायचा हे दादाच्या मनात बरेच दिवस होतं, ते मला माहीत होतं. येत्या पौर्णिमेनंतरच्या मीटिंगमध्ये तो विषय निघणार होता. आता तिथं कोणी विरोध केला की बोट दाखवायला दगड असणार होता. आणि दगडावर तुम्ही.

मी जर तुमची मुलगी नसते तर मला यात एवढं काही दिसलंही नसतं. लोक म्हणतात त्यात जरा इकडचं तिकडं होतंच. पण आपल्या घरात ते होत नव्हतं.

ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. तुम्ही फ्रीगंजच्या प्रेसमधून प्रूफं घरी आणायचात आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून बघायचात, कारण घरातला मोठा बल्ब तिथंच होता. आई भाकरी थापतेय, दादा भिंतीला टेकून परीक्षेचा अभ्यास करतोय, आणि मी मंडळाच्या हस्तलिखितासाठी कीर्तनकारबुवांचं बोलणं उतरवून तुमच्यापुढे धरते. बुवा म्हणाले होते, "नाम घेताना मन इथं असू द्या." मी लिहिलं होतं, "नाम घेताना मन इथं, देवापाशी, असू द्या."

तुम्ही विचारता, "बुवा 'देवापाशी' म्हणाले?"

"नाही. पण त्यांना तेच म्हणायचं होतं."

"ते तुला कोणी सांगितलं? त्यांनी?"

 आईचा थापणारा हात थांबतो. तुम्ही पेन्सिल उचलता आणि त्या शब्दाच्या दोन बाजूंना दोन लाल चौकोनी कंस काढता, दारं लावल्यासारखे. "गोल कंस ज्याचं बोलणं आहे त्याचा स्वतःचा. चौकोनी कंस बाहेरच्याचा. तुला शब्द घालायचा तर घाल, मी नाही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या वाक्यात शिरायचं तर चपला उंबऱ्याबाहेर काढ, [म्हणजे घरच्यांना कळतं की आत कोणीतरी आलंय]." मला रडू आलं. भाकरी न खाता झोपले. दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात एक नवी पेन्सिल निघाली, एका टोकाला लाल, एका टोकाला निळी. तुम्ही त्याबद्दल कधी काही बोलला नाहीत, मीही नाही.

तो कागद घेऊन मी दादाकडे गेले. तुम्हाला दादाचं वाईट वाटू नये म्हणून आधीच लिहिते, तो लबाड नाही. तुमच्या जावयांच्या आजारपणात इंदूरच्या दवाखान्यात माझ्याबरोबर जमिनीवर झोपला होता. बँकेतून रिटायर झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ देवळाचंच काम करतो, स्वतःच्या स्कूटरचं पेट्रोल जाळून. म्हणून तर त्याचा जिना मी पायरी-पायरीवर थांबत चढले. वहिनीनं चहा ठेवला. मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"दादा, यातला एक शब्द नानांचा नाही."

"कुठला?"

"तुला माहीत आहे कुठला."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अगं, अर्थ तोच आहे. देवळाच्या ओट्यावर माणूस कशाला बसेल? दर्शनालाच. मी फक्त साफ करून लिहिलं."

"मग कंसात घाल."

"दगडावर?" तो हसला. "ती पाटी आहे का पेपरातला लेख? सगळ्या उज्जैनमध्ये एक पाटी दाखव मला, जिच्यावर कंस आहे. लोक म्हणतील प्रूफरीडरच्या पोरांनी देवालासुद्धा तपासून काढलं."

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आमच्या माहेरी भावाबहिणींची भांडणं जमिनीवरून होतात. तुमच्याकडे कंसावरून. स्वस्तात आहे सगळं."

 दादा खिडकीकडे बघत बोलायला लागला. मागच्या एकादशीला ओट्याच्या पायरीवरून ज्या आजी घसरल्या, त्या मालनबाईनं फुलांवर शिंपडलेल्या पाण्यावरून घसरल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं. त्यांच्या मुलाला तोंड कोणी दिलं? दादानं. महाकाळाची गर्दी आता आपल्या गल्लीपर्यंत येते, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पुढे सिंहस्थ आहे. "काही झालं तर पोलीस मालनला नाही, मला बोलावतील. मला झोप लागत नाही गं. तुला हिशेब लिहायचा असतो, मला जबाब द्यायचा असतो."

ते खरं होतं. मी म्हटलं, "मग मीटिंगमध्ये हे असंच सांग ना. तुझ्या तोंडानं."

"माझ्या तोंडाचं कोण ऐकतं?" तो एकदम वळून म्हणाला. "मी काही म्हटलं की सगळे म्हणतात, नाना असते तर असं नसतं म्हणाले. नानांचंच ऐकतात अजून. तर घ्या म्हटलं, नानाच सांगतात."

 चहावर साय धरली. मग मी तुमचं वाक्य काढलं, चपलांचं, सगळंच्या सगळं, जसं वर लिहिलंय तसं. मला वाटलं ते ऐकून तो विरघळेल. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे नाना असं म्हणाले नव्हते."

"म्हणाले होते. स्वयंपाकघरात. तू तिथंच होतास."

"होतो म्हणूनच सांगतो. 'चपला उंबऱ्याबाहेर काढ.' एवढंच म्हणाले आणि प्रूफात डोकं घातलं. पुढचं घरच्यांना कळतं-बिळतं, ते तुझं. इतकी वर्षं मुलांना सांगून सांगून तूच चिकटवलंयस." मग तो कागद त्यानं घडी करून खिशात घातला, अगदी तुमच्यासारखा. "तुझा कंस कुठाय?"

 मी म्हटलं, तुला आठवत नाही म्हणून मला खोटं पाडू नकोस, आणि चहा तसाच ठेवून उठले. जिना उतरेपर्यंत वहिनी मागून हाका मारत होती. दादानं एकदाच हाक मारली, ती एवढीच सांगायला की बुधवारी कोरायला घेणार आहेत आणि गुरुवारी दगड लागणार आहे.

रस्ताभर मला प्रेसमधली ती दुपार आठवत होती. मी टावर चौकातून डबा घेऊन येते. मशीन बंद आहे, म्हणजे काहीतरी झालंय. मालक हातात प्रूफ नाचवताहेत. एका प्याऊच्या, म्हणजे पाणपोईच्या, उद्घाटनाची पुस्तिका आहे. आलेले महाराज बोलले होते, सब भाइयों ने मिलकर यह प्याऊ बनवाई. आणि छापायला आलेल्या कागदात होतं, सब भाइयों ने सेठजी की प्रेरणा से मिलकर. तुम्ही स्वतः त्या कार्यक्रमाला गेला होतात. तुम्ही 'सेठजी की प्रेरणा से' याला चौकोनी कंस घातले होते. हिंदी टाइपच्या खणात त्या कंसांचे खिळे नव्हते, इंग्रजीच्या खणातून शोधून काढायला लावले होते. मालक म्हणतात, "बाबूजी, ये डिब्बे हटाओ. सेठजी देखेंगे तो कहेंगे मेरा नाम लॉकअप में डाल दिया." कंपोझिटर तोंड फिरवून हसतात. तुम्ही हसत नाही. म्हणता, "हटा देता हूँ, साब. पर डिब्बा जाएगा तो अंदर का माल भी साथ जाएगा."

मालकांनी प्रूफ तुमच्या हातातून काढून घेतलं. पुस्तिका डब्यांशिवाय छापली गेली, आणि पुढचे कितीतरी महिने तुम्हाला फक्त लग्नपत्रिका तपासायला मिळाल्या. त्या संध्याकाळी आई म्हणाली होती, "दोन रेघांसाठी मालकाशी वैर घेतलंत?" तुम्ही वरणात पोळी कुस्करत म्हणालात, "मोठ्या गोष्टींसाठी भांडायला वकील असतात गं. दोन रेघांना कोण आहे?" पुस्तिकेच्या घरच्या प्रतीत तुम्ही लाल पेन्सिलीनं कंस काढून ठेवलेत. तुम्ही तिथं हरला होतात, नाना. ते मला तेव्हा कळलं नव्हतं. लहानपणी वाटायचं तुम्ही जिंकलात, कारण तुमचं बोलणं इतकं छान होतं.

बुधवारी मी देवाला दिवा लावून, रिक्षा न करता, चालत देवास गेटच्या दगडवाल्याकडे गेले. दगड आडवा ठेवलेला. सगळं वाक्य गेरूनं काढलेलं, आणि 'या ओट्यावर' कोरूनही झालेलं. पुढचा शब्द अजून नुसता गेरूचा होता, ओल्या फडक्यानं पुसता आला असता. माझ्या हातात रुमाल होता. खोटं कशाला बोलू, मनात आलं.

कारागीर छिन्नी थांबवून म्हणाला, "दीदी, कुछ गलती है क्या? अभी बता दो. पत्थर में रबर नहीं चलता."

मी त्याला पेन्सिलीनं कंस काढून दाखवले. त्यानं वाकून बघितलं. "जगह तो है दोनों तरफ. पर ये क्या है, खिड़की?" मग हात पुसून, "साब से पूछ लो. उनके बोले बिना मैं टाँकी नहीं चलाऊँगा. मेरा तो दोनों घर से काम आता है."

मी तिथूनच फोन लावला. शेजारी दुसरा माणूस एका समाधीच्या दगडावर ठाकठूक करत होता. दादानं उचलला. मी कुठून बोलतेय ते त्याला त्या आवाजावरूनच कळलं असणार.

"दादा, मी शब्द पुसलेला नाही. पुसता आला असता."

मी रुमाल कमरेला खोचला.

"तुझा शब्द राहू दे. तुला तो खरा वाटतो ना, मग राहू दे. पण दारं लाव त्याला. नाहीतर तोही काढ." मग तुमचंच वाक्य म्हटलं. "डिब्बा जाएगा तो अंदर का माल भी साथ जाएगा."

 ठाकठूक चालूच. शेवटी तो म्हणाला, "नानांना त्याच्यानंतर लग्नपत्रिकाच तपासायला मिळाल्या. आठवतं?"

"आठवतं."

"आई माझ्या फीसाठी मामांकडे गेली होती तेव्हा. ते तुला नाही माहीत." मग एकदम तुटक, "लाव तुझा कंस. कोणाला कळणार आहे?" आणि फोन ठेवला.

ते खरंच मला माहीत नव्हतं. मी दगडाला हात टेकून उभी राहिले. कारागिरानं विचारलं, "तो बनाऊँ खिड़की?" मी मान हलवली. तो म्हणाला, "इसका कुछ नहीं लूँगा. सीधी लकीर है, ये कोई अक्षर थोड़ी है." पहिली रेघ पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

आणि घरी येताना मला उमगलं की दादा बरोबर म्हणत होता. कोणाला कळणार? कंस वाचणाऱ्यासाठी असतो. मालनबाईला वाचताच येत नाही.

गुरुवारी दगड लागला. आरती झाली, नारळ फुटला, सगळी मंडळी ओट्यावर दाटून उभी. दादा पांढऱ्या सदऱ्यात, माझ्याकडे न बघता. मी मागे सरकत होते, तेवढ्यात मालनबाईनं माझ्या पदराला धरलं.

"बाईजी, म्हने तो पढ़नो नी आवे. बाँच दो नी. बापूजी की वाज बात लिखी है नी?"

वाचून दाखवा, तीच बात आहे ना, असं विचारत होती. तिच्या सासूनं ते वाक्य तिला तोंडपाठ करून दिलं होतं, मराठीतच, मंत्रासारखं. मी घसा साफ केला. "या ओट्यावर..." आणि थांबले. पुढे कसं वाचू? कंस तोंडानं कसा वाचतात हे तुम्ही शिकवलं नव्हतंत, नाना. तो शब्द वाचला तर तो तुमच्या आवाजात जाणार, आणि गाळला तर मी दगडावर आहे ते लपवणार. दादा हातभर अंतरावर होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

इतक्यात ज्यांनी दगड दिला ते गृहस्थ पुढे झाले. जवळ जाऊन, मान वाकडी करून बघायला लागले. "भाई साब, लिखाई तो बढ़िया है. पर ये बीच में डिब्बा काहे का है? कारीगर ने गड़बड़ तो नहीं कर दी?"

सगळे दगडाकडे बघायला लागले. मग दादाकडे. मीही बघितलं. त्याला एवढंच म्हणायचं होतं की हो, कारागिराची चूक आहे, भरून घेऊ. पांढरं सिमेंट लावलं की काम झालं असतं. मी ओठ आवळून धरले. हे मी बोलले असते तर ते माझं झालं असतं.

दादा म्हणाला, "गड़बड़ नहीं है." मग थांबला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी व्हायच्या तशा. "डिब्बे में जो शब्द है, वो मेरा है. पिताजी का नहीं है. उन्होंने सिर्फ इतना कहा था कि जो बैठेगा उसको कोई उठाएगा नहीं."

 मालनबाई टोपलीपाशी उभी होती, तिनं पदर खोचला. मला वाटलं रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, "तो साब, थें थारी बात अलग से के दो नी. बापूजी का मुँडा से क्यूँ के रिया हो? कंई तकलीफ है?"

बापूजींच्या तोंडून कशाला, तुमची बात तुम्ही सांगा, असं तिचं म्हणणं. आणि दादानं सांगितलं. तिला, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं. त्या आजींचं हाड, पायरीवरचं पाणी, गर्दी, पोलीस, झोप न लागणं, सगळं. आवाज चढला, मध्येच हिंदीतून मराठीत गेला, परत आला. तिनंही ऐकवलं. पाणी शिंपडलं नाही तर दुपारपर्यंत फुलं मरतात, आणि त्या आजींना उचलून बसवणारी तीच होती, साब तेव्हा घरी जेवत होते. "तो हम कंई करें, उड़ के बेठें?" लोक हसले. दादाही हसला, पण रागातच. बोलता बोलता दोघं पायरीपासून सरकत भिंतीपाशी गेले, आणि तिनं टोपली तिथं ठेवून बघितली, दगडाच्या बरोबर खाली. पायरी मोकळी झाली. पाणी शिंपडण्याऐवजी ओलं गोणपाट टोपलीवर टाकायचं ठरलं. ऊठ असं तिला कोणी म्हटलं नाही.

मीटिंगमध्ये ओट्याचा विषय निघालाच नाही. पुढे निघणारच नाही असं मी म्हणत नाही. सिंहस्थ यायचा आहे, आणि दादाची काळजी काही खोटी नाही. पण आता ज्याला उठवायचं असेल त्याला स्वतःच्या नावानं उठवावं लागेल. परगावचे लोक येतात आणि विचारतात, ये डिब्बा क्या है. मालनबाई हार ओवता ओवता मान वर न करता सांगते, "डब्बा में साब बेठ्या है. बाकी सब बापूजी." परवा हे दादासमोरच झालं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, चपला काढून तिच्या टोपलीशेजारी ठेवल्या आणि आत गेला.

माझ्याशी तो कामापुरतं बोलतो. बिल दिलं का, तेलाचा डबा आला का. चहा तसाच ठेवून मी उठून आले ते त्याला लागलंय. फीचं मला का सांगितलं नाही, हे मला लागलंय. होईल नीट. राखीला तरी येईलच.

एक राहिलं. वर चपलांचं वाक्य लिहिताना पेन न थांबता 'घरच्यांना कळतं'पर्यंत पुढे गेलं होतं, सवयीनं. आता ते पान पुन्हा काढून वाचलं. डोळे मिटून तुमचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. भाकरीचा धपधप आवाज येतो, 'उंबऱ्याबाहेर काढ' येतं, आणि मग नुसती प्रूफाच्या कागदाची सळसळ. त्यापुढचं वाक्य ऐकू येतं ते माझ्याच आवाजात, आमच्या मुलीला शुद्धलेखन घालतानाच्या. तुम्ही म्हणाला असतात, असं मला अजून वाटतं. म्हणून ते खोडलं नाही. तुमच्या पेन्सिलीचा लाल तुकडा बोटात धरता येत नाही इतका उरलाय, तरी त्यानंच दोन्ही बाजूंना दारं लावून घेतली.

आता ही पानं पोथीच्या फडक्यात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवायची नाहीतच. दादाचं बरोबर होतं, नाना. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.